डोळे तेच, मग नजर 'तयार' कशी होते? कराडच्या गुऱ्हाळातून समजून घ्या लक्षाचं विज्ञान

दिवाळी झाली की कराड आणि आसपासच्या भागात उसाचा हंगाम सुरू होतो. कारखान्यांची धुराडी पेटतात आणि शिवारात गुऱ्हाळंही सुरू होतात. एखाद्या गुऱ्हाळावर गेलात तर काहिलीजवळ उभा असलेला एक माणूस नक्की दिसेल. तो फार बोलत नाही. त्याची नजर उकळत्या रसावरून हलत नाही. हा गुळव्या.

रस उकळतो, जंगली भेंडीचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते, ती काढली जाते. मग रस आटत जातो, रंग बदलतो, फेस चढतो, बुडबुडे जड होतात. एका क्षणी गुळव्या सांगतो, "उतरवा." काहील लवकर उतरवली तर गूळ नीट बसत नाही, उशीर झाला तर पाक करपतो. अख्खं आदण, म्हणजे काहिलीतला एका वेळचा सगळा माल, या निर्णयावर अवलंबून असतं. पुढे गुळाच्या सौद्यात व्यापारीही ढेपेचा रंग आणि कणी बघूनच भाव ठरवतात.

गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी होते का तेही बघतो. पण तो थेंब कधी टाकायचा, हे त्याला डोळ्यांनीच कळलेलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्याला मात्र सगळा रस सारखाच दिसतो.

दोघांचे डोळे सारखेच. मग फरक कुठे आहे? आणि गुऱ्हाळावर वर्षानुवर्षं चिपाडं टाकणारा माणूसही तोच रस बघत असतो, तरी तो गुळव्या का होत नाही? या प्रश्नाचं उत्तर मेंदूविज्ञानातल्या एका विषयात सापडतं. त्याचं नाव व्हिज्युअल पर्सेप्च्युअल लर्निंग. साध्या मराठीत सांगायचं तर, नजरेचं शिक्षण.

नजर तयार होते म्हणजे नेमकं काय होतं?

आपण डोळ्यांनी बघतो असं म्हणतो, पण डोळ्याचं काम प्रकाश पकडून संदेश पाठवण्याचं असतं. त्या संदेशातून रेषा, रंग, हालचाल, आकार वेगळे काढण्याचं काम मोठ्या प्रमाणात मेंदू करतो. हे संदेश मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टीच्या पट्ट्यात पोचतात आणि तिथून पुढे जातात.

पूर्वी असा समज होता की हा भाग लहानपणीच पक्का होतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं की, सुरुवातीच्या ठरावीक काळात एका डोळ्याला दृश्य मिळालंच नाही, तर मेंदूतली त्या डोळ्याची जोडणी कमजोर राहते. दृष्टीवरच्या संशोधनासाठी या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. त्यातून 'मोठेपणी दृष्टीच्या भागात फार काही बदलत नाही' ही समजूत घट्ट झाली.

त्या समजुतीला धक्का देणारा एक गाजलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतले अवी कार्नी आणि डोव्ह सागी यांनी प्रौढ लोकांना पडद्यावर बारीक आडव्या रेषांची नक्षी दाखवली. त्यात एका कोपऱ्यात तीन तिरक्या रेषा असायच्या. त्या एका ओळीत आडव्या मांडल्यात की उभ्या, एवढंच सांगायचं. चित्र डोळ्यांसमोर क्षणभर यायचं आणि पुसलं जायचं.

सुरुवातीला हे अवघड जायचं. पण रोजच्या सरावाने लोक कितीतरी कमी वेळात अचूक सांगू लागले. गंमत म्हणजे हे कौशल्य फार हट्टी निघालं. एका डोळ्याने सराव केला तर दुसऱ्या डोळ्याला ते जमेना. पडद्याच्या एका कोपऱ्यात सराव केला तर दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे लोक नुसती 'युक्ती' शिकले नव्हते. युक्ती असती तर ती कुठेही चालली असती. त्यामुळे हा बदल दृष्टीच्या अगदी सुरुवातीच्या पायरीवर झाला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

थोडक्यात, मोठ्या माणसाची नजरही शिकते. पुढचा प्रश्न असा की, शिकण्यासाठी नुसतं बघणं पुरेसं आहे का?

नुसतं बघून शिकता येतं का?

आता गुळव्या आणि चिपाडं टाकणारा, या दोघांकडे परत येऊ. दोघांच्या डोळ्यांसमोर तोच रस, तेवढेच दिवस. फरक एवढाच की एकाला सतत निर्णय द्यायचा असतो आणि दुसऱ्याचं लक्ष जाळावर असतं.

प्रयोगशाळेत नेमकी हीच परिस्थिती तयार केली गेली. १९९२ मध्ये लिंग-पो शिऊ आणि हॅरोल्ड पॅशलर यांनी लोकांना रेषा दाखवल्या. एका गटाने रेषेचा कल ओळखायचा होता. दुसऱ्या गटाला त्याच रेषा दाखवल्या, पण विचारलं ते उजेडाबद्दल, म्हणजे कोणती रेषा जास्त ठळक आहे ते. कल ओळखणाऱ्यांची कलाबद्दलची नजर तयार झाली. उजेड बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून त्याच रेषा गेल्या होत्या, तरी कल ओळखण्यात त्यांची प्रगती झाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मेरव अहिस्सार आणि शॉल हॉक्स्टाइन यांनी हा मुद्दा आणखी पक्का केला. त्यांनी छोट्या रेषांची एक चौकट दाखवली. त्यावर दोन प्रश्न विचारता येत होते. पहिला, यातली एखादी रेषा बाकीच्यांपेक्षा वेगळी तिरपी आहे का? दुसरा, सगळी चौकट मिळून आडवी दिसते की उभी? चित्र एकच, प्रश्न दोन. ज्यांनी पहिल्या प्रश्नाचा सराव केला ते पहिल्यात तरबेज झाले, दुसऱ्यात त्याचा उपयोग जवळपास झाला नाही. उलट बाजूनेही तेच.

म्हणजे डोळ्यांवर काय पडलं यापेक्षा, त्या दृश्याला तुम्ही कोणता प्रश्न विचारत होतात, यावर शिकणं अवलंबून होतं. लक्ष म्हणजे हा प्रश्न.

लक्ष दिल्यावर मेंदूत काय घडतं?

दर सेकंदाला डोळ्यांतून मेंदूकडे प्रचंड माहिती जाते. ती सगळी सारख्याच मेहनतीने तपासणं मेंदूला परवडत नाही. म्हणून लक्ष दारावरच्या राखणदारासारखं काम करतं.

आपण एखाद्या जागेकडे किंवा एखाद्या गुणाकडे, समजा रंगाकडे, लक्ष दिलं की त्या गोष्टीसाठी काम करणाऱ्या पेशींचा प्रतिसाद वाढतो आणि आजूबाजूचा गोंगाट दबतो. उत्तर बरोबर आलं की मेंदूत काही रसायनं सुटतात आणि 'हे जपून ठेव' असा संदेश जातो. ज्या पेशींनी नुकतंच काम केलेलं असतं, त्यांच्या जोडण्या त्यामुळे बळकट होतात.

यातलं एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लक्ष देण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. २०१० मध्ये एरियल रोकेम आणि मायकेल सिल्व्हर यांनी निरोगी प्रौढांना हे रसायन मेंदूत टिकवून ठेवणारं औषध देऊन हालचाल ओळखण्याचा सराव करून घेतला. औषध घेतलेल्या काळात शिकणं जास्त झालं. अर्थात हा डॉक्टरांच्या देखरेखीखालचा प्रयोग होता. अभ्यासासाठी गोळी शोधायला निघण्याचं हे कारण नाही.

मग लक्ष न देता काहीच शिकत नाही का?

इथवर गोष्ट सोपी वाटते. लक्ष दिलं की शिकतो, नाही दिलं की नाही. पण २००१ मध्ये ताकेओ वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि सगळा विषय गुंतागुंतीचा झाला.

लोकांना पडद्याच्या मध्यभागी झरझर येणारी अक्षरं ओळखायची होती. मागे ठिपके इकडेतिकडे हलत होते. त्यातले फक्त ५ टक्के ठिपके एका ठरावीक दिशेने जात होते. इतके कमी, की दिशा विचारली तर लोकांना अंदाजच सांगावा लागे. लक्ष पूर्णपणे अक्षरांवर होतं. तरीही अनेक दिवसांच्या सरावानंतर त्याच दिशेची थोडी ठळक हालचाल दाखवली, तेव्हा ती ओळखण्यात लोक सुधारलेले होते. जे दिसलंच नव्हतं, ते मेंदू शिकला होता.

मग लक्षाचं महत्त्व संपलं का? तसं नाही. २००३ मध्ये एरन साइट्झ आणि वातानाबे यांनी पुढची पायरी तपासली. मागे चार दिशांच्या अंधुक हालचाली सारख्याच वेळा दाखवल्या, पण त्यातली एकच दिशा नेमकी महत्त्वाचं अक्षर येताना असायची. शिकली गेली ती फक्त तीच दिशा. म्हणजे महत्त्वाची गोष्ट सापडल्याच्या क्षणी मेंदू जेव्हा 'जपून ठेव' म्हणतो, तेव्हा शेजारी असलेली बारीकसारीक गोष्टही सोबत जपली जाते.

आणखी एक विचित्र गोष्ट २००८ मध्ये पुढे आली. योशियाकी त्सुशिमा, साइट्झ आणि वातानाबे यांनी मागची हालचाल अंधुक ठेवली तेव्हा ती शिकली गेली, पण ठळक केली तेव्हा शिकली गेली नाही! याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं की, लक्ष विचलित करणारी गोष्ट ठळक असेल तर राखणदाराला ती दिसते आणि तो तिला अडवतो. इतकी अंधुक असेल की त्याच्या नजरेतच येत नाही, तर ती गुपचूप आत शिरते.

म्हणजे लक्षाची कामं दोन आहेत. हवं ते आत घेणं आणि नको ते बाहेर ठेवणं.

वय वाढलं की नजर शिकायची थांबते का?

'आता या वयात काय शिकणार' हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. संशोधन मात्र वेगळंच काही सांगतं. २०१४ मध्ये वातानाबे आणि युका सासाकी यांच्या गटाने तरुण आणि ज्येष्ठ लोकांची तुलना केली. ज्येष्ठांची नजरही सरावाने सुधारली. पण तरुणांनी ज्या ठळक, बिनकामाच्या हालचालीकडे दुर्लक्ष केलं, ती ज्येष्ठांनी शिकून घेतली. शिकण्याची ताकद शाबूत होती, गाळणी सैल झाली होती.

याचा व्यवहारातला अर्थ मोलाचा आहे. घरातल्या मोठ्या माणसाला मोबाइलवर पैसे पाठवायला शिकवताना टीव्ही चालू असेल, शेजारी तिघं बोलत असतील आणि पडद्यावर जाहिराती नाचत असतील, तर अडचण त्यांच्या 'डोक्यात' आहे असं समजू नका. आजूबाजूचा गोंधळ कमी करून बघा.

आळशी डोळ्याच्या बाबतीत हा विषय आणखी जवळचा होतो. या त्रासात डोळा वरून ठीक दिसतो, पण लहानपणी मेंदूने त्याचे संदेश बाजूला टाकलेले असतात, त्यामुळे चष्मा लावूनही नीट दिसत नाही. लहानपणीच उपचार झाले तर सर्वात चांगलं, हे आजही खरंच आहे. पण मोठेपणी काहीच होत नाही, हे पूर्ण खरं नाही. २०११ मध्ये डेनिस लेव्ही यांच्या गटाने आळशी डोळा असलेल्या प्रौढांचा चांगला डोळा झाकून, कमजोर डोळ्याने रोज २ तास याप्रमाणे ४० ते ८० तास व्हिडिओ गेम खेळायला लावले. त्यांच्या नजरेत मोजता येईल अशी सुधारणा झाली. गट छोटा होता, त्यामुळे हा घरी करायचा उपाय समजू नये. नेत्रतज्ज्ञांना विचारण्यासारखा प्रश्न मात्र नक्की आहे.

तयार नजरही चुकते, ती कशी?

कराडला लागूनच असलेल्या मलकापूरमध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्यांदा छातीचा एक्स-रे बघणाऱ्या विद्यार्थ्याला पांढऱ्या-काळ्या ढगांपलीकडे फारसं काही दिसत नाही. शेकडो एक्स-रे बघून, दरवेळी निदान करून, चूक सुधारून त्याची नजर तयार होते. हे गुळव्याच्या शिक्षणासारखंच आहे.

पण या तयार नजरेची एक किंमत असते. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा वो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये छोट्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं. त्याचा आकार सरासरी गाठीच्या ४८ पट होता. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्यातून कळलं की त्या २० पैकी बरेच जण थेट गोरिलाच्या जागेकडे बघत होते.

हे वाचून डॉक्टरांवर हसण्याचं कारण नाही. गाठी शोधण्यात ते सामान्य माणसांपेक्षा कितीतरी सरस होते आणि ज्यांना प्रशिक्षण नव्हतं, त्यांच्यापैकी तर एकालाही गोरिला दिसला नाही. मुद्दा एवढाच की, लक्ष ज्या प्रश्नावर बसवलेलं असतं त्याचंच उत्तर ते देतं. म्हणून पेशंटने डॉक्टरांना सगळी लक्षणं सांगणं आणि गरज वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाने स्कॅन बघणं, याला अर्थ आहे.

एका जागी शिकलेलं दुसरीकडे चालतं का?

कार्नी आणि सागींच्या प्रयोगात कौशल्य एका कोपऱ्यात अडकून पडलं होतं. असं असेल तर प्रत्यक्ष आयुष्यात त्याचा फारसा उपयोग नाही. गुळव्याला दुसऱ्या गुऱ्हाळाच्या काहिलीवर उभं केलं तरी त्याला काम जमतं, मग ते कसं?

इथेही लक्षच मदतीला येतं. न्यूयॉर्क विद्यापीठात मरिसा करास्को यांच्या प्रयोगशाळेत सराव करताना चित्र येण्याच्या आधी, त्याच जागेजवळ एक छोटी खूण चमकवली गेली. अशी खूण लक्ष आपोआप खेचून घेते. २०१५ मध्ये सारित श्पिरो आणि करास्को यांनी दाखवलं की, ज्या गटाला ही खूण मिळाली तो शिकला आणि तेवढाच सराव करूनही खूण न मिळालेला गट शिकला नाही. त्याच वर्षी या प्रयोगशाळेच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की, खुणेसह शिकलेलं कौशल्य सराव न केलेल्या जागीही वापरता आलं.

त्याआधी २००८ मध्ये चीनमधल्या काँग यू यांच्या गटाने आणखी एक मार्ग दाखवला होता. एका जागी एक सराव आणि दुसऱ्या जागी पूर्ण वेगळा सराव करून घेतला, तर पहिल्या जागचं कौशल्य दुसऱ्या जागीही पोचलं. म्हणजे दुसरी जागाही मेंदूच्या दृष्टीने 'महत्त्वाची' झाली की शिकलेलं तिथेही लागू होतं. वेगवेगळ्या शेतांतला ऊस, वेगवेगळ्या हवामानातला रस बघितलेला गुळव्या नव्या जागी अडत नाही, ते का हे यावरून समजू शकतं.

मग डोळ्यांचा व्यायाम करून चष्मा सुटतो का?

सोशल मीडियावर अशा दाव्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून हे स्पष्ट हवं. नजरेचं शिक्षण मेंदूत होतं. त्याने बुबुळाचा आकार बदलत नाही, डोळ्याची लांबी कमी होत नाही आणि नंबर पुसला जात नाही.

२०१२ मध्ये उरी पोलट आणि सहकाऱ्यांनी चाळिशीचा चष्मा लागलेल्या लोकांकडून सराव करून घेतला. त्यांचं जवळचं वाचन सुधारलं, पण डोळ्याची भिंगाची ताकद होती तशीच राहिली. मेंदू अंधुक चित्रातून जास्त माहिती काढायला शिकला. हे उपयोगी आहे, पण याला 'चष्मा घालवणं' म्हणत नाहीत. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे पडद्यावर झालेला परिणाम सरावाने जात नाही. त्यासाठी वेळेवर तपासणीच हवी.

तुमच्या कामाचं काय?

शिवणकाम असो, सोन्याची पारख, हळदीची प्रत, कोडमधली चूक किंवा एक्स-रे, नजर तयार करायची असेल तर या संशोधनातून काही साध्या गोष्टी हाती लागतात.

• आधी प्रश्न ठरवा. 'बघत बसलो' याने फारसं साधत नाही. आज रंग बघायचा की पोत, हे ठरवून बघा.

• उत्तर द्या आणि लगेच तपासा. उस्तादाने सांगण्याआधी मनात निर्णय घ्या, मग त्याचा निर्णय ऐका.

• नमुने बदलत राहा. एकाच जागी, एकाच उजेडात केलेला सराव तिथेच अडकून पडण्याची शक्यता जास्त.

• फोन बाजूला ठेवा. नोटिफिकेशन आलं की प्रश्नच बदलतो. चित्र समोर असतं, पण त्याला कोणी काही विचारत नसतं.

• झोप मोडू नका. कार्नी आणि सागी यांना १९९३ मध्ये दिसलं की, सुधारणा सरावानंतर काही तासांनी समोर येते. पुढच्या वर्षी कार्नी यांच्या प्रयोगात स्वप्नांच्या टप्प्यातली झोप मोडली तेव्हा ही सुधारणा झालीच नाही.

गुऱ्हाळावर नव्या पोराला शिकवणारा जुना गुळव्या यातलं बरंच काही न वाचताच करतो. तो पोराला जाळापासून उठवून काहिलीजवळ उभं करतो आणि विचारतो, "सांग, झाला का पाक?" पोरगं चुकतं, शिव्या खातं, पुन्हा बघतं. त्या एका प्रश्नापासून त्याची नजर तयार व्हायला सुरुवात झालेली असते.